तड्याचं टोक

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या तसा धर्मेंद्र तोरणमाळच्या कॅम्पावरची सगळी तडकलेली मडगार्डं पिकअपमध्ये भरून शहाद्याला घेऊन आला आणि बस स्टँडामागच्या गल्लीत, फकीरभाईंच्या दुकानासमोर त्याने त्यांचा ढीग घातला.

धर्मेंद्र मूळचा कोरीटचा, केळी-कापसाच्या घरातला. शेतीत त्याचा जीव रमेना म्हणून त्याने डोंगरावर तंबूंचा कॅम्प टाकला होता आणि पर्यटकांना दगडधोंड्यांतून फिरवायला जाड चाकांच्या उघड्या गाड्या घेतल्या होत्या. मोटरसायकलसारखं हँडल, चार फुगीर टायर आणि टायरांवर प्लास्टिकची रुंद मडगार्डं. गाडी दगडाला घासली, झाडाला टेकली, की पहिल्यांदा मडगार्डच तडकायचं. नवं मागवलं तर सुट्ट्या संपून जायच्या तरी येत नसे. म्हणून त्याला फकीरभाई लागायचे.

"फकीरभाई, सुट्ट्यास्ना आगुदर हुई जाई ना?" त्याने विचारलं.

फकीरभाई खुर्चीत बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्याची पाळी अजून यायची होती. त्यांनी एक मडगार्ड मांडीवर घेतलं, तळहाताने चाचपलं आणि म्हणाले, "हुई जाई. मन्हा आकिब शे ना."

आत बादलीपाशी बसून अंजुम पॉलिश पेपर भिजवत होती. 'माझा आकिब' हे तिने ऐकलं. हातातला कागद भिजून मऊ पडला तरी तिने तो पाण्यातून काढला नाही.

अंजुम ही फकीरभाईंची एकुलती एक मुलगी. ती लहान होती तेव्हा दुकान नव्हतं, हातगाडी होती. फकीरभाई गल्लोगल्ली फिरून फुटक्या बादल्या, टब, खुर्च्या सांधायचे. शेगडीत लोखंडी पट्टी तापवायची आणि तडा वितळवून त्यात जुन्या प्लास्टिकचा तुकडा बसवायचा. शाळा सुटली की अंजुम दप्तरासकट गाडीवर चढून बसायची. कोणतं प्लास्टिक कोणत्या प्लास्टिकला धरतं हे अब्बा तिला वासावरून शिकवायचे. तुकड्याचं टोक जाळून तिच्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, "सांग, बादलीचा की खुर्चीचा?" ती डोळे मिटून सांगायची. तिचं उत्तर बरोबर आलं की गिऱ्हाइकासमोर त्यांची मान अशी काही ताठ व्हायची की त्या एका क्षणासाठी अंजुम धुराने डोळे लाल करून घ्यायला तयार असे.

मग तिचं लग्न झालं आणि ती मालेगावला गेली. ते लग्न टिकलं नाही. ती परत आली तेव्हा हातगाडी जाऊन पत्र्याचं पक्कं दुकान झालेलं होतं, शेगडी जाऊन गरम हवेची गन आलेली होती आणि अब्बांच्या शेजारच्या स्टुलावर आकिब बसलेला होता.

आकिब तिच्या दोंडाईच्याच्या आत्याचा मुलगा. आत्या गेली आणि फकीरभाईंनी त्याला आणलं. अंजुमपेक्षा थोडा लहान, किडकिडीत, कमी बोलणारा. तिला 'आपा' म्हणायचा, ती दुकानात आली की उठून उभा राहायचा, चहा आला की पहिला कप तिच्याकडे सरकवायचा. त्याचा स्वभाव वाईट असता तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटे. मग तिला स्वतःला तरी सांगता आलं असतं की आपल्याला तो का खुपतो.

अब्बांनी तिला दुकानात येऊ नको असं कधी म्हटलं नाही. तिने यायला सुरुवात केली तेव्हा ते खूशच झाले होते. फक्त तिच्या हातात त्यांनी पॉलिश पेपर दिला. "धुरात कशाला बसतेस, बेटा," ते म्हणाले. "आकिब सांधेल, तू घासून गुळगुळीत कर." हे ते इतक्या मायेने म्हणाले की तिला भांडायलाही जागा उरली नाही. तेव्हापासून ती आकिबने भरलेल्या तड्यांवरून कागद फिरवत आली होती. त्याचं काम बोटांखालून जाई आणि ते चांगलं असे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

धर्मेंद्रचं काम सुरू झालं. मडगार्डं आधी धुऊन काढली. डोंगरातली लाल माती कोपऱ्याकोपऱ्यात बसलेली. मग थिनरच्या फडक्याने पुसली. मग आकिब एकेक मडगार्ड उजेडात वाकवून तडा कुठपर्यंत गेलाय ते बघायचा आणि तड्याच्या अगदी टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडायचा. हे भोक म्हणजे या कामाचं निम्मं काम. तडा वरून कितीही भरा, टोक मोकळं राहिलं तर तो गाडीच्या हादऱ्याने पुढे सरकतच जातो. टोकाला गोल भोक असलं की तिथे थबकतो. त्यानंतर तड्याची खाच रुंद करायची, तिच्यात त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून भरायची, आतून तारेची बारीक जाळी तापवून रुतवायची आणि वर घासून पूर्वीसारखं करायचं.

फकीरभाई शेजारी बसून गनच्या आवाजावरून सांगायचे, "जरा लांब धर... आता जवळ." एकदा त्यांनी आकिबच्या मनगटाला धरून गनचा कोन बदलला आणि हात तसाच थोडा वेळ त्याच्या हातावर राहू दिला. अंजुमने मान खाली घातली आणि इतक्या जोरात घासलं की मडगार्डाचा रंग गेला.

त्याच आठवड्यात गोपाल पेंटर आला. दुकानाची पाटी उन्हाने पार उडाली होती. ती नव्याने रंगवायचं फकीरभाईंनी ठरवलं होतं. गोपालने विचारलं, "काय टाकू?"

"फकीर प्लास्टिक वेल्डिंग," फकीरभाई म्हणाले. मग थोडं थांबून, जणू आत्ताच सुचावं तसं म्हणाले, "आणि खाली आकिबचं नाव टाक. पुढे त्यालाच चालवायचंय."

आकिब गडबडला. "राहू द्या ना मामू," तो म्हणाला आणि त्याने चटकन अंजुमकडे पाहिलं. अंजुम हसली. गोपालला तिने पाणीसुद्धा आणून दिलं. नंतर मागच्या दाराने बाहेर जाऊन नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. आपण लग्न करून गेलो, तेवढ्यात आपली जागा गेली. आणि परत आलो तर ती मागायचीही सोय कुणी ठेवली नाही. आपण मेलेलो नव्हतो, तिला वाटलं, मालेगावला होतो.

काम संपत आलं त्या दिवशी सकाळी धर्मेंद्रची पिकअप येणार होती. शेवटचं मडगार्ड राहिलं होतं, पुढच्या उजव्या चाकाचं, सगळ्यात वाईट फुटलेलं. बोल्टापासून निघालेला तडा घडीवरून वळून आतल्या बाजूला शिरला होता. आकिब घाईत होता. त्याने ते सांधलं, जाळी बसवली आणि अंजुमकडे दिलं.

फकीरभाईंनी खुर्चीतून हाक मारली. "अंजुम, मला काही दिसत नाही. तू नीट हात फिरवून बघ बेटा, मग जाऊ दे."

अंजुमने हात फिरवला. वरची बाजू उत्तम. मग आतून, घडीच्या पलीकडे. जाळी जिथे संपली तिथून बोट पुढे गेलं आणि थांबलं. केसासारखी एक रेघ नखाला लागत होती. तडा जाळीच्या पुढे गेलेला होता आणि त्याच्या टोकाला भोक नव्हतं. आकिबने टोक चुकीच्या जागी धरलं होतं. घडीमुळे त्याला खरं टोक दिसलं नव्हतं.

तिचं बोट तिथेच होतं. छातीत काहीतरी उसळून वर आलं; पुढे पुष्कळ दिवस तिने त्याला दुसरी नावं द्यायचा प्रयत्न केला, पण तो आनंद होता. चुकला. अब्बांचा आकिब चुकला.

"ठीक आहे?" फकीरभाईंनी विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

मडगार्ड पिकअपमध्ये चढलं आणि पिकअप तोरणमाळच्या रस्त्याला लागली.

पुढचे काही दिवस अंजुमने मनाशी एक चित्र रंगवत काढले. मडगार्ड थोडंसं उघडेल. धर्मेंद्र कुरकुरत घेऊन येईल. अब्बा बोटाने चाचपतील, त्यांच्या कपाळाला आठी पडेल. मग ती पुढे होईल, गन हातात घेईल आणि तडा असा भरेल की अब्बांना तो सापडणारच नाही. या चित्रात कुणाला काही लागत नव्हतं. कधी स्वयंपाक करताना तिला एकदम धर्मेंद्रला फोन करावासा वाटे. फोन हातात घेऊन ती आकडे बघे आणि परत ठेवून देई. टिकेल, ती स्वतःला सांगे. एवढीशी रेघ, टिकेल सुट्ट्यांपुरती. आणि दुकानात अब्बा आकिबशी बोलताना हसले की तिला वाटे, न टिको.

फोन धर्मेंद्रचाच आला, दुपारी, फकीरभाईंना. स्पीकर चालू होता.

"फकीरभाई, तुम्हनं मडगार्ड सुटनं. करणसिंग पडना."

करणसिंग हा कॅम्पावरच्या गाड्या चालवणारा पावरा आदिवासी तरुण. सीताखाईकडच्या वाटेने तो एकटाच रिकामी गाडी परत आणत होता. मडगार्डाचा निम्मा भाग फाटून टायरवर बसला, चाक अडलं, गाडीने गचका खाल्ला आणि करणसिंग दगडांवर फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं होतं. त्याला धडगावला नेलं होतं. पर्यटक मागे बसलेले नव्हते म्हणून थोडक्यात निभावलं, असं धर्मेंद्र पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती.

दुसऱ्या दिवशी फाटलेलं मडगार्ड दुकानात आलं. फकीरभाईंनी ते मांडीवर घेतलं आणि चष्मा काढून ठेवला, जसा काही त्याचाच अडथळा होता. बोटं बोल्टापासून निघाली, भरलेल्या तड्यावरून गेली. तिथे सांधा जसाच्या तसा होता. जाळीच्या कडेला बोटं आली आणि तिथून फाटलेली कड सुरू झाली.

"टोकाला भोक कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आकिब त्यांच्यासमोर उभा होता. त्याने मडगार्ड पाहिलं, मग एकवार अंजुमकडे पाहिलं. तिला वाटलं आता हा बोलेल. तो म्हणाला, "राहिलं, मामू."

फकीरभाईंनी मान वळवली. "आणि तुझ्या बोटाला लागलं नाही?"

"नाही," अंजुम म्हणाली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर आकिब कदाचित राहिला असता. ते एवढंच म्हणाले, "एका माणसाचं हाड मोडलं," आणि गन उचलून अंजुमसमोर ठेवली. आकिबने हात धुतले, आपली पिशवी घेतली आणि तो संध्याकाळच्या गाडीने नंदुरबारला गेला. तिथे पाण्याच्या टाक्या आणि ठिबकच्या नळ्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात त्याच्या ओळखीचा माणूस होता. जाताना अंजुमला 'येतो आपा' म्हणाला.

अशी ती जागा तिला मिळाली.

तिचा हात बिघडलेला नव्हता. पहिल्या दिवशी गन जड वाटली, दुसऱ्या दिवशी नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेट, मोटरसायकलची मडगार्डं, बटाट्याचे क्रेट, जे येईल ते ती सांधत गेली. गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग सरावली. फकीरभाई शेजारी बसायचे, काम चाचपायचे आणि 'बरं झालंय' म्हणायचे. ते खरंच बरं झालेलं असायचं. पण चहा आला की ते सवयीने तीन कप मोजायचे आणि मग एक बाजूला ठेवायचे. रस्त्यावर कुणाची चप्पल वाजली की मान तिकडे जायची. "आकिबचा फोन नाही आला?" हे दिवसातून किती वेळा व्हायचं. तो इथे होता तेव्हा तिला त्याचा हेवा वाटायचा, त्याच्या हाताचा, त्याच्या स्टुलाचा. आता तर त्याच्या नसण्याचाही हेवा वाटू लागला. आपण मालेगावला असताना अब्बांनी असा एक कप बाजूला ठेवला होता का, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. गोपाल पेंटर राहिलेल्या पाटीचं विचारायला पुन्हा आला तेव्हा फकीरभाईंनी त्याला 'नंतर बघू' म्हणून वाटेला लावलं.

धर्मेंद्रला बाकीच्या गाड्यांचीही धास्ती बसली होती. त्याने निरोप धाडला की सगळी मडगार्डं जागेवरच येऊन तपासून द्या. फकीरभाई आणि अंजुम दोघं त्याच्या गाडीतून वर गेले. घाटातली वळणं सुरू झाली. अंजुमने खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले, पण झोप आली नाही.

कॅम्पावर करणसिंग होता. हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. त्याला बघून अंजुमची पावलं अडली. तिने मनातल्या चित्रात त्याला कधी घेतलंच नव्हतं. त्याची बायको शेजारच्या झोपडीपुढे भाकरी थापत होती. तिने या दोघांना पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

फकीरभाईंनी त्याच्यासमोर हात जोडले. करणसिंग संकोचला. त्याची घरची बोली पावरी, पण बाजारात सगळ्यांशी तो अहिराणी-मराठी मिसळून बोलायचा.

"असं नका करू चाचा. आकिब उना व्हता आठे. दवाखान्यात बी आला व्हता. सुट्टीना दिवशी बसे मन्हाजोडे."

"आकिब?" फकीरभाई म्हणाले. त्यांना हे माहीत नव्हतं. अंजुमलाही नव्हतं.

"हां. म्हणे, मन्ही चूक शे, मामूची नाही, आपाची नाही. मी म्हटलं जाऊ दे, मी बी गाडी जोरात हाणत होतो." तो थोडा हसला आणि खांदा हलल्यामुळे कळवळला.

अंजुम उठून गाड्यांकडे गेली. एकेका गाडीखाली वाकून तिने आकिबने सांधलेली मडगार्डं तपासली. प्रत्येक तड्याच्या टोकाला भोक होतं. नेमकं टोकावर. एका ठिकाणी तडा दुभंगून दोन फाटे झाले होते; त्याने दोन्हींच्या टोकांना भोकं पाडून, मग दोन्ही मिळून एकच जाळी अशी बसवली होती की तिला ते सुचलंही नसतं. ती उकिडवी बसून त्या सांध्याकडे बघत राहिली. इतकं चांगलं काम तिने अजून केलेलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला त्याचा असा हेवा वाटला की त्यात अब्बा कुठेच नव्हते. नुसतं ते काम होतं आणि ते आपलं नव्हतं.

दुरुस्त करायला काही निघालंच नाही.

परतताना धर्मेंद्रने त्यांना घाटाखाली, म्हसावदच्या फाट्यावर सोडलं. त्याला दुसरीकडे जायचं होतं. बसची वाट बघत दोघं दगडी कट्ट्यावर बसले. ऊन कलायला लागलं होतं, उसाच्या बैलगाड्या जात होत्या. अंजुम म्हणाली, "अब्बा, माझ्या बोटाला लागलं होतं."

फकीरभाईंनी मान वळवली नाही. तिला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही.

"टोक लागलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. मला वाटलं, एकदा तरी त्याचं काम परत येऊ दे."

"का?"

तिने उत्तर तयार ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुम्ही त्याला 'मन्हा आकिब' म्हणता."

बस आली, फकीरभाई चढून खिडकीशी बसले, बस शहाद्याला लागली. उतरताना तिने आधाराला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो धरला. खाली उतरल्यावर म्हणाले, "मी तुला काय म्हणायचं ते मला आज सुचत नाही. तू त्याला जाऊन सांग. मी सांगणार नाही."

अंजुम नंदुरबारला गेली. स्टेशनपासून थोडं पुढे ते दुकान होतं. आकिब एका भल्यामोठ्या काळ्या टाकीत अर्धा शिरून आतून तडा भरत होता. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते. हाक ऐकून तो मागे सरकत बाहेर आला, घामाने निथळत. तिला बघून उठून उभा राहिला, दुकानात राहायचा तसाच.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती आणि रडली नाही.

आकिबने फडक्याने हात पुसले. "मला माहीत होतं, आपा," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तुझं बोट थांबलेलं मी पाहिलं होतं. त्या दिवशी, आतल्या बाजूला."

अंजुमला कळेना. "मग तू तेव्हाच का बोलला नाहीस?"

"मला ते टोक दिसलं नव्हतं. तू थांबलीस तेव्हा वाटलं, काहीतरी राहिलंय. पण मग तू 'ठीक आहे' म्हणालीस. मी म्हटलं, आपाला चालतंय म्हणजे चालेल." त्याने फडकं टाकीवर टाकलं. "मामूंना दिसत नाही, आपा. मला दुकानात भीती होती ती तुझी. तू घासायला घेतलंस की मी तुझ्या हाताकडे बघत बसायचो."

अंजुमने टाकीच्या कडेवर हात टेकला.

"तू यायच्या आधी मामू रोज सांगायचे. अंजुम वासावरून प्लास्टिक ओळखायची. अंजुमने एवढीशी असताना कुणाचा तरी टब सांधला तो अजून वापरात आहे. मी काहीही केलं की, 'अंजुमचा हात वेगळा होता.' मला तर तुझं नाव ऐकलं तरी कसंतरी व्हायचं. मग तू परत आलीस. मी म्हटलं, झालं, आता आपलं इथलं संपलं." तो ओशाळवाणं हसला. "तू मालेगावलाच राहायला हवी होतीस असं एकदा वाटलं होतं मला. तुझं तिथे काय चाललंय हे माहीत असूनसुद्धा."

"अब्बा हे मला कधी बोलले नाहीत," अंजुम म्हणाली.

"तुझ्याबद्दल मला बोलायचे. माझ्याबद्दल तुला बोलत असतील."

दुकानाच्या मालकाने आतून हाक मारली. आकिबने 'आलो' म्हणून सांगितलं, पण गेला नाही.

"मला तुझा राग येतोय," तो हळूच म्हणाला. "आत्ता फार नाही, पण संध्याकाळपर्यंत खूप येईल. करणसिंगच्या खाटेपाशी मी बसायचो आणि मला वाटायचं, माझ्या हाताने हे झालं."

"तुझ्या हाताने नाही झालं."

"माझ्याही हाताने झालं. टोक मीच चुकवलं." तो टाकीकडे वळला. "इथला महिना भरला की येईन. मामूंना सांग. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही तेव्हाच आहे, कुणीतरी दवाखान्यात थांबायला लागेल."

"मी आहे की थांबायला," अंजुमच्या तोंडून पटकन गेलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. आकिबलाही तो ऐकू आला असावा. तो पुन्हा टाकीत शिरला.

ती परत आली तेव्हा फकीरभाई दुकानाच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. तिच्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला, पण तिच्यामागे आणखी कुणाची पावलं आहेत का, हेही त्यांनी ऐकलं. तिला ते दिसलं.

"येतोय," ती म्हणाली. "महिना भरला की."

फकीरभाईंचा चेहरा एकदम सैल झाला. ओठ हलले, काळ्या चष्म्याखालून काहीतरी ओघळलं ते त्यांनी बाहीने टिपलं. आनंद लपवायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नव्हता आणि आत्ताही केला नाही. अंजुमला तोच जुना हेवा टोचला. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की हा निघून जाईल. तो गेला नव्हता. तिने तो ओळखला आणि असू दिला.

"बस बेटा," फकीरभाई म्हणाले. "दमली असशील. त्या करणसिंगकडे पुन्हा कधी जायचं?"

"रविवारी. मी एकटी जाते. त्याच्या बायकोशी बोलायचंय."

त्यांनी मान हलवली. आत ट्रॅक्टरवाला एक माणूस फुटकी बॉनेट घेऊन वाट बघत उभा होता. अंजुमने ओढणी मागे बांधली, त्याच्या हातातली बॉनेट घेतली आणि तिच्या फुटक्या कडेचा एक कण जाळून नाकाशी धरला.